किमया: खारेपाटातून प्रयोगशाळेकडे

आज आपण अरबी किमयेबद्दल बोलणार आहोत, पण सुरुवात धरमतरच्या खाडीपासून करू. पेणच्या खारेपाटात मोरस उगवते. पानं खारट, आपल्याकडे तिची भाजी करतात. अरब जगात खाऱ्या जमिनीतली अशीच झुडपं जाळून राख करत. ती पाण्यात कालवायची, गाळायची, पाणी आटवायचं, की खाली क्षार उरतो. काच आणि साबणाला तो लागे. या राखेला अरबीत 'अल-किली' म्हणत. त्यातूनच 'अल्कली' आला, आणि पोटॅशियमचं 'के' हे चिन्हसुद्धा. कारण त्याचं लॅटिन नाव 'कॅलियम'.

'किमया'ही मूळ अरबी. आज किमयागार म्हटलं की पितळेचं सोनं करून देणारा भोंदू डोळ्यांपुढे येतो. सोन्याची आशा त्या लोकांना होतीच, ते नाकारायचं कारण नाही. पण रेय शहरातला वैद्य अल-राझी (सुमारे 865–925) काय करतो बघा. पारा, गंधक, नवसागर, हरताळ हे तापवल्यावर उडून जाणारे पदार्थ तो एका गटात टाकतो. धातू वेगळे, दगड वेगळे, क्षार वेगळे. मग भट्टी कोणती, भांडं कोणतं, अर्क कसा उतरवायचा, तेही सांगतो. सोनं काही झालं नाही. कामाची रीत मात्र उरली. 1144 साली रॉबर्ट ऑफ चेस्टरने किमयेचा एक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये नेला, आणि पुढे ही रीत युरोपच्या कार्यशाळांत रुजली.

इथे आपल्याला हमखास विचारलं जातं: 'मग आपलं रसशास्त्र? आधी कोण?' पारा आणि गंधकाची खटपट आपल्याकडेही झाली. प्रफुल्लचंद्र राय यांनी 1902 पासून ती जगापुढे मांडली. पण धरमतरच्या दक्षिणेला चौल आहे. इ.स. 916 च्या सुमारास बगदादचा अल-मसूदी तिथे आला, आणि बसरा-बगदादकडचे लोक तिथे वस्ती करून असल्याचं त्याने लिहिलं. तेव्हा राझी हयात होता. म्हणजे ही दोन जगं एकाच समुद्राच्या दोन काठांवर होती. माल जायचा-यायचा, शब्दही जायचे-यायचे. 'आधी कोण' या भांडणात ही ये-जाच नजरेआड होते.

तेव्हा किमयेला थोतांड म्हणून फेकू नका, आणि सगळं आमचंच होतं असंही म्हणू नका. राख गाळून क्षार काढणाऱ्या हातांपासून रसायनशास्त्र सुरू होतं. पुढे मोरसची जुडी घेताना एवढं आठवलं, तरी आजचं बोलणं कामी आलं.