तालवाद्यांचे बहुमाईक ध्वनिमुद्रण

एकत्र वाजणाऱ्या तालवाद्यांसमोर वेगवेगळे माईक लावून प्रत्येकाचा आवाज ऑडिओ इंटरफेसमधून संगणकात स्वतंत्र ट्रॅकवर घेण्याची पद्धत. पाश्चात्त्य ड्रमसेटसाठी ती रूढ झाली. बालाघाट जिल्ह्यातील (मध्य प्रदेश) बिरसा, बैहर या तहसिलींत गोंड व बैगा समाजांच्या करमा नृत्याला मांदर आणि टिमकीची साथ असते. तिथेही ही पद्धत उपयोगी पडते, पण ड्रमसेटचे आडाखे जसेच्या तसे चालत नाहीत. ड्रमसेट एका जागी असतो, मांदर वादकाच्या गळ्यात असतो आणि वादक नाचणाऱ्यांसोबत फिरतो.

इंटरफेस माईकचा क्षीण विद्युतसंकेत प्रीॲम्पने वाढवतो आणि त्याचे अंकीय रूपांतर करून तो यूएसबीने संगणकाकडे पाठवतो. निवड करताना एकूण इनपुट किती, यापेक्षा त्यांतले माईकसाठी किती हे पाहावे. बऱ्याच यंत्रांत उरलेले इनपुट लाइन पातळीचे, म्हणजे आधीच वाढवलेल्या संकेतासाठी असतात. कमी पडल्यास आठ प्रीॲम्पचा वेगळा संच अॅडॅट ऑप्टिकल केबलने जोडता येतो. या केबलमधून ४८ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला ८ चॅनेल जातात, ९६ किलोहर्ट्झला ४च. दोन स्वतंत्र यूएसबी इंटरफेस एकत्र चालवणे टाळलेलेच बरे. दोघांची घड्याळे जुळवली नाहीत, तर लांब मुद्रणात ताल हळूहळू सरकत जातो. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्ट फँटम पॉवर लागते, डायनॅमिक माईकला नाही.

मांदर दुतोंडी असतो. रुंद तोंडाचा आवाज खर्जाचा, अरुंद तोंडाचा चढा आणि टणक. दोन्ही तोंडांशी माईक लावल्यास थापेसरशी एक पडदा आत जातो आणि दुसरा बाहेर येतो. त्यामुळे दोन्ही माईकचे संकेत परस्परविरुद्ध होतात व एकत्र केल्यावर खर्ज नाहीसा होतो. एका चॅनेलची पोलॅरिटी उलटवली की तो परत येतो. हे केवळ कानांनी ठरवावे. ज्या स्थितीत खर्ज भरदार, ती योग्य. टिमकी लहान, काठ्यांनी वाजणारी, तिचा आघात तीव्र. तिच्यासाठी डायनॅमिक माईक पुरतो. १९६५ पासून बाजारात असलेला शूर एसएम ५७ अशा कामात आजही सर्रास दिसतो.

ध्वनी हवेत एक मीटर अंतर सुमारे ३ मिलिसेकंदांत कापतो. एकच थाप दोन माईकपर्यंत वेगवेगळ्या वेळी पोहोचली, तर दोन्ही संकेत एकत्र केल्यावर काही कंप्रता क्षीण होतात आणि आवाज पोकळ होतो. म्हणून माईक आपल्या वाद्यापासून जितका दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतरावर शेजारचा माईक ठेवतात. नृत्याच्या रिंगणात हा नियम पाळणे कठीण. अशा वेळी रिंगणाबाहेर उंचावर लावलेली दोन माईकची जोडी हाच मुद्रणाचा पाया मानावा आणि जवळच्या माईकांनी तिला फक्त उठाव द्यावा. जोडीच्या माईकमध्ये पावलांचा ठेका आणि गाणेही येते. ते दोष समजून कापू नये. करम्याचा ताल वाद्यांइतकाच पावलांत असतो. जवळचे माईक क्लिपने वाद्यालाच लावले, तर वादकाला मोकळेपणाने नाचता येते.

दमट हवेत चामडे सैल पडते, म्हणून टिमकी विस्तवावर शेकून सुरात आणतात. शेकल्यावर आवाज चढतो, त्यामुळे प्रीॲम्पचा गेन (संकेत किती वाढवायचा ते प्रमाण) त्यानंतरच ठरवावा, आणि तोही वादकाला पूर्ण जोरात वाजवायला सांगून. २४ बिट मुद्रणात सर्वांत मोठी थाप कमाल पातळीच्या १० डेसिबल खाली राहिली तरी काहीच गमावले जात नाही. कमाल पातळी ओलांडून क्लिपिंग झालेली थाप मात्र पूर्ववत होत नाही.

हेडफोनवर ऐकत वाजवणाऱ्याला उशीर जाणवू नये म्हणून इंटरफेसचे डायरेक्ट मॉनिटरिंग, म्हणजे संगणकात न जाता थेट ऐकण्याची सोय, वापरतात. नुसतेच मुद्रण करायचे असेल तर बफर (ध्वनीचा तात्पुरता साठा) मोठा ठेवावा. संगणकावरचा ताण घटतो आणि आवाज मधेच तुटत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला ८ ट्रॅक तासाला सुमारे ४ गिगाबाइट जागा घेतात. मूळ ट्रॅक न बदलता जपावेत आणि कोणता माईक कुठल्या वाद्यापाशी होता याची नोंद त्यांच्यासोबतच ठेवावी.