मेडिकलच्या काउंटरवरचं पॅरिस

औषधांच्या दुकानात सुगंध काय करतो? खोकल्याचं औषध, बँडेज, ओआरएसची पाकिटं, आणि त्यांच्याच शेजारी काचेच्या कपाटात डिओ, आफ्टरशेव्ह आणि दोन-तीनशे रुपयांच्या परफ्यूमच्या बाटल्या. गावातलं मेडिकल असो की शहरातलं, हे दृश्य इतकं सवयीचं आहे की आपल्याला प्रश्नच पडत नाही. अमेरिकेत अशाच दुकानाला ड्रगस्टोअर म्हणतात. तिथे औषधांसोबत पावडर, लिपस्टिक, चॉकलेट आणि परफ्यूम विकायची पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे.

त्याच अमेरिकेत ‘ड्रगस्टोअर परफ्यूम’ हा शब्द नाक मुरडून उच्चारला जातो. आपल्याकडेही ‘काय स्वस्तातलं सेंट मारलंय’ हे वाक्य कौतुकानं कुणी म्हणत नाही. टोमणा वासाला मारल्यासारखा वाटतो, पण तो लागतो माणसाला. त्याचा पगार, त्याची वस्ती, त्याचे कपडे, सगळं त्या एका वाक्यात मोजलं जातं. म्हणून स्वस्त सुगंधाचा इतिहास एकदा नीट बघायला हवा. महागडं ते अस्सल आणि स्वस्त ती नक्कल, ही समजूत त्या इतिहासात फार काळ टिकत नाही.

आधी औषध, मग अत्तर

सुरुवात औषधापासूनच होते. योहान मारिया फरीना नावाचा एक इटालियन माणूस जर्मनीतल्या कोलोन शहरात आला आणि १७०९ साली तिथे त्याच्या घराण्याची पेढी सुरू झाली. लिंबूवर्गीय फळांच्या सालींचा अर्क अल्कोहोलमध्ये मिसळून त्यानं जे हलकं, ताजं पाणी तयार केलं, त्याला शहराचंच नाव मिळालं: ओ द कोलोन, म्हणजे कोलोनचं पाणी. पुढे तशीच पाणी बनवणारे अनेक जण निघाले. लोक ती अंगाला लावत आणि औषध म्हणून चक्क पीतही. डोकेदुखीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्यावर हा उतारा चालतो, असं विक्रेते सांगत.

मग नेपोलियन आडवा आला. कोलोन तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होतं. १८१० साली हुकूम निघाला की गुप्त औषधं विकणाऱ्यांनी आपली कृती सरकारला सांगावी. कृती सांगायची म्हणजे धंदाच हातातून जायचा. विक्रेत्यांनी सोपा मार्ग काढला. आमचं पाणी औषध नाहीच, ते नुसतं सुगंधी पाणी आहे, असं ते म्हणू लागले. बाटलीतला द्रव तोच राहिला, नाव तेवढं बदललं.

औषधपणाची ती जुनी ओळख मात्र पुसली गेली नाही. मराठी घरांत ताप चढला की कपाळावर ‘युडीकोलन’च्या पट्ट्या ठेवत. तुमच्या आजीला विचारा, ती वास सांगेल. हे ‘युडीकोलन’ म्हणजे तेच ओ द कोलोन, आपल्या जिभेवर येऊन रुळलेलं. सुगंध औषधांच्या दुकानात चुकून शिरलेला नाही. तिथे त्याचं माहेर आहे.

फुलं महाग होती, तोवर

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सुगंध खरोखरच महाग होता आणि त्याला कारण होतं. एक किलो गुलाबतेल काढायला साधारण तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. त्या पहाटे, हातानं खुडाव्या लागतात. कस्तुरीसाठी हरीण मारावं लागे. व्हॅनिलाच्या शेंगा दूरच्या बेटांवरून येत, आणि त्या वेलीचं प्रत्येक फूल हातानं फळवावं लागे. उत्तम वास म्हणजे प्रचंड जमीन, प्रचंड श्रम आणि ते विकत घेऊ शकणारी मोजकी माणसं.

हे गणित प्रयोगशाळेत मोडलं. इंग्लंडचा विल्यम पर्किन हा रसायनशास्त्रज्ञ कृत्रिम जांभळ्या रंगामुळे आधीच गाजलेला होता. १८६८ साली त्यानं कुमारिन हा पदार्थ कृत्रिमरीत्या बनवला. हा पदार्थ टोंका नावाच्या बीमध्ये असतो आणि त्याला नुकत्याच कापलेल्या वाळत्या गवतासारखा गोडसर वास येतो. १८७४ साली जर्मनीत टीमान आणि हारमान यांनी व्हॅनिलिन बनवलं, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक. त्यासाठी त्यांनी वापरला सूचिपर्णी झाडांतला एक पदार्थ. १८८८ साली आल्बर्ट बाउर हा संशोधक स्फोटकांवर काम करत होता. त्याला बाँबऐवजी कस्तुरीसारखा वास येणारं रसायन सापडलं. १८९३ साली आयोनोन आलं आणि व्हायोलेटच्या फुलांचा वास फुलांवाचून मिळू लागला.

आता गंमत बघा. ही रसायनं आधी पोहोचली ती श्रीमंतांच्याच बाटल्यांत. कुमारिनवर उभं राहिलेलं ‘फुजेर रोयाल’ हूबिगाँ या प्रतिष्ठित फ्रेंच घराण्यानं १८८२ साली काढलं. गेर्लँचं ‘जिकी’ १८८९ सालचं, त्यात कुमारिन आणि व्हॅनिलिन दोन्ही आहेत. आज परफ्यूमचे जाणकार या दोन बाटल्यांपासून आधुनिक परफ्यूमकलेची सुरुवात मानतात. ‘केमिकलवालं म्हणजे हलकं’ हे सूत्र इथेच कोसळतं. नैसर्गिक आणि कृत्रिम यांचं मिश्रण हीच उंची परफ्यूमची रीत झाली. रसायन स्वस्त झाल्यावर तेच साबणात, पावडरीत आणि सामान्य माणसाच्या कपाटात उतरलं. व्हायोलेटचा वास असा सगळ्यांना मिळू लागला, तशी त्याची शान गेली. वास तोच होता, आता तो मोलकरणीकडेही होता एवढंच.

कोटीनं दार उघडलं

फ्रान्स्वा कोटी हा कोर्सिका बेटावरचा मुलगा, जन्म १८७४ चा. त्याच्या यशाबद्दल एक कथा नेहमी सांगितली जाते. पॅरिसच्या एका मोठ्या दुकानानं त्याचं अत्तर घ्यायला नकार दिला, तेव्हा त्याच्या हातून बाटली फुटली (की त्यानं ती फोडली?), वास दरवळला आणि गिऱ्हाइकांनी गराडा घातला. कथा खरी असो वा नसो, कोटीला एक गोष्ट पक्की कळली होती. मध्यमवर्गातली बाईसुद्धा चांगला वास ओळखते, तिला परवडेल अशी बाटली मात्र कुणी देत नाही. त्यानं उत्तम सुगंध लहान बाटल्यांतही आणले, त्याच वासाच्या पावडरी काढल्या, कारखाने उभारले आणि अमेरिकेची बाजारपेठ धरली.

त्याच्या कामाची प्रत कशी होती? १९१७ सालच्या त्याच्या ‘शीप्र’ या परफ्यूमवरून सुगंधांच्या एका अख्ख्या कुळालाच ते नाव पडलं. गेर्लँचं नावाजलेलं ‘मित्सुको’ त्याच कुळातलं आणि ते आलं दोन वर्षांनी, १९१९ साली. १९२१ साली कोटीनं ‘एमरोद’ काढलं, व्हॅनिलाची ऊब असलेलं. गेर्लँचं ‘शालिमार’ बाजारात आलं १९२५ साली, आणि दोघांचं नातं कुणाच्याही नाकाला कळतं. आज ‘शालिमार’ची बाटली चकचकीत शोरूममध्ये मिळते. ‘एमरोद’ मात्र अमेरिकेत पुढे ड्रगस्टोअरच्या फळीवर उतरलं, काही डॉलरांत मिळू लागलं, आणि ज्यांना तारखा ठाऊक नाहीत ते त्याला ‘गरिबांचं शालिमार’ समजतात. धाकट्यानं नाव कमावलं की थोरल्यालाच त्याची नक्कल ठरवतात, तसा हा प्रकार.

एकच नाक, दोन दुकानं

या इतिहासातली माझी सर्वांत आवडती बाटली गडद निळ्या काचेची आहे.

अर्नेस्ट बो हा मॉस्कोत जन्मलेला परफ्यूमर. रशियन क्रांतीनंतर तो फ्रान्सला आला आणि १९२१ साली त्यानं कोको शनेलसाठी ‘शनेल नंबर फाइव्ह’ बनवलं. जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध परफ्यूम. १९२४ साली त्याच्या विक्रीसाठी स्वतंत्र कंपनी निघाली. तिचा मोठा हिस्सा पिएर आणि पॉल व्हेर्तहायमर या भावांकडे होता, कोको शनेलकडे जेमतेम दहा टक्के. या भावांची आधीपासून आणखी एक कंपनी होती, बुर्ज्वा. ती नाटकवाल्यांच्या रंगभूषेतून वाढलेली आणि सामान्य बायकांसाठी परवडणारी पावडर-लाली विकणारी होती.

१९२८ साली त्याच अर्नेस्ट बोनं बुर्ज्वासाठी ‘स्वार द पारी’ बनवलं. इंग्रजी जगात ते ‘इव्हिनिंग इन पॅरिस’ म्हणून गेलं. म्हणजे परफ्यूमर एक आणि मालकही एकच. एक बाटली पॅरिसच्या रू कांबाँवर मखमलीत ठेवलेली, दुसरी अमेरिकेच्या ड्रगस्टोअरमध्ये आणि पाच-दहा सेंटांच्या वस्तू विकणाऱ्या दुकानांत. दोन्ही द्रव सारखे नव्हते हे खरं. नंबर फाइव्हमध्ये फ्रान्समधल्या ग्रासच्या महागड्या मोगरावर्गीय फुलांचा अर्क होता. निळ्या बाटलीत तेवढी चैन परवडणारी नव्हती. पण तिच्यात व्हायोलेटची गोड, पावडरीसारखी छटा होती, आणि ती जमवणारा हात त्याच तोलामोलाचा होता.

पुढच्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. त्या काळात ही निळी कुपी अगदी लहान आकारांतही मिळत असे. मुलं साठवलेल्या चिल्लरमधून आईसाठी ती घेत. महायुद्धात सैनिक प्रेयसीला पाठवत. पॅरिस कधीच न बघितलेल्या लाखो बायकांच्या ड्रेसिंग टेबलावर पॅरिसची संध्याकाळ उभी होती. ती भारतातही पोहोचली. १९६७ साली त्याच नावाचा हिंदी सिनेमा आला, तेव्हा हे शब्द आपल्याकडे अनोळखी नव्हते.

बो एकटाच नव्हता. १९३२ सालचं ‘ताबू’ हे पुढे ड्रगस्टोअरची ओळख बनलेलं दणदणीत परफ्यूम ज्या जाँ कार्लनं केलं, त्याच्याच हातचं काम १९४७ च्या ‘मिस दिओर’मध्येही आहे. परफ्यूमरांना शिकवायची त्याची पद्धत पुढे पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली.

आपल्या पगारातून

स्वस्त बाटलीनं आणखी एक काम केलं. पूर्वी पाश्चात्त्य समाजात परफ्यूम ही नवऱ्यानं वा प्रियकरानं द्यायची भेट होती. बाईनं ती जपून, सणावारी वापरायची. एस्टे लॉडरनं १९५३ साली अंघोळीच्या तेलाच्या रूपात ‘यूथ ड्यू’ आणलं. अंघोळीचं तेल बाई कुणाची वाट न पाहता स्वतःच घेऊ शकत होती. १९७३ साली रेव्हलॉननं ‘चार्ली’ काढलं. जाहिरातीतली बाई पँटसूट घालून ढांगा टाकत चाललेली, तिच्यासोबत कुणी पुरुष असायलाच हवा असं नाही. नोकरी करणारी मुलगी ती बाटली जेवणाच्या सुट्टीत, स्वतःच्या पगारातून, स्वतःसाठी घेऊ लागली. त्या बाटलीचं मोल तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

आपल्याकडे सुगंधाची वाटणी थोडी वेगळी होती. हळदीकुंकवाला हाताला लावलेलं अत्तर, लग्नात गुलाबदाणीतून शिंपडलेलं पाणी, कानात अत्तराचा फाया, आठवड्याच्या बाजारात घेतलेला गजरा. सुगंध थोडाच, पण चारचौघांत वाटून घ्यायचा. गल्लीतल्या मेडिकलमधून पहिल्या स्टायपेंडचा डिओ घेणारा मुलगा किंवा मुलगी या दोन्ही परंपरांचा वारस असतो. लोकलच्या गर्दीत, इंटरव्ह्यूच्या रांगेत, आपल्या अंगाला बरा वास यावा ही इच्छा चैनीची नाही. चार लोकांत ताठ मानेनं उभं राहता यावं, एवढीच ती आहे.

मग बाटली निवडायची कशी?

स्वस्त ते सगळंच चांगलं, असं अजिबात नाही. कंपन्या विकल्या गेल्या, मालक बदलले, कृतीत काटकसर झाली. जुन्या काही रसायनांवर सुरक्षिततेसाठी बंधनं आली आणि त्यांचा फटका महाग बाटल्यांनाही बसला. आजचं ‘एमरोद’ म्हणजे १९२१ सालचं ‘एमरोद’ नव्हे. पण किमतीत काचेची बाटली, खोका, जाहिरातीतला नट आणि दुकानाचं भाडं हेही असतं, आणि यातलं काहीच मनगटावर लागत नाही.

म्हणून किमतीची चिठ्ठी शेवटी बघा. टोपणाला नाक लावून ठरवू नका, तिथे आधी अल्कोहोलच भेटतं. मनगटावर एक फवारा मारा, घासू नका, आणि दुकानातून बाहेर पडा. पहिल्या दहा मिनिटांचा लिंबू-संत्र्याचा भपका उडून जाऊ द्या. अर्ध्या तासानं उरतो तो खरा वास, तुमच्या कातडीवरचा. एका वेळी दोनच बाटल्या, दोन हातांवर. तिसरीपासून नाक थकतं. आवडली तर सर्वांत लहान बाटली घ्या आणि आठवडाभर वापरून बघा.

आणि कुणी विचारलंच, ‘कुठलं गं हे?’, तर दुकानाचं नाव सांगा. कोपऱ्यावरचं मेडिकल.