मुंडकाराचे घर आणि गावाची पंचायत

पेडणे व डिचोली हे नव्या काबिजादीतले तालुके. अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीज अमलाखाली आले. सत्ता पालटली, तरी भाटकाराच्या जमिनीत घर बांधून त्याचे भाट राखणारा मुंडकार आश्रितच राहिला. घर त्याच्या घामाचे, भुई मात्र परक्याची.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९६२ साली पंचायतींच्या निवडणुका झाल्या आणि भाटकार व मुंडकार यांच्या मताचे मोल सारखे झाले. परंतु मताने घर सुरक्षित होत नाही. त्यासाठी १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा यावा लागला. त्याने मुंडकाराला हुसकावण्यास आळा घातला आणि खेड्यात साधारण ३०० चौरस मीटर जागेसह घर विकत घेण्याचा हक्क दिला. मात्र त्यासाठी मामलेदारापुढे आपले मुंडकारपण सिद्ध करावे लागते. आणि ज्याचे नाते तोंडी शब्दावर चालले, त्याने कागद कोठून आणावा?

१९९४ च्या पंचायत राज कायद्याने ग्रामसभेला बळ दिले. पंचायत त्याच घराची घरपट्टी घेते, पण तिच्या पावतीने मालकी शाबीत होत नाही. ज्यांच्या पट्टीवर गावाचा कारभार चालतो, त्यांच्या पायाखालची भुई त्यांची करून देणे हा उपकार नव्हे, ते गावाचे ऋण आहे.