हॅशवरच्या सहीची कुळकथा

१९७५च्या सुमारास बर्कलीतल्या एका कॉफी हाउसमध्ये व्हिटफिल्ड डिफी यांनी लेस्ली लॅम्पोर्ट यांच्यापुढे एक कोडं टाकलं: संगणकातल्या दस्तऐवजावर सही करायची कशी? ती कुणालाही पडताळता यावी, दुसऱ्याला करता येऊ नये आणि मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी खोटी ठरावी. लॅम्पोर्ट यांनी तिथल्या तिथे उत्तर सुचवलं. डिजिटल सहीच्या घराण्याचा मूळपुरुष तो.

त्याचा आधार फक्त हॅश, म्हणजे मजकुराचा ठरावीक लांबीचा गणिती ठसा. कोणत्याही मजकुराचा, समजा, २५६ बिटांचा हॅश क्षणात निघतो; हॅशवरून मजकूर मात्र काढता येत नाही. सही करणारा प्रत्येक बिटासाठी दोन गुप्त संख्या निवडतो, एक शून्याची, एक एकाची, आणि या ५१२ संख्यांचे हॅश आधीच जाहीर करतो. मग दस्तऐवजाच्या हॅशमध्ये जे बिट असतील, त्यांच्या २५६ संख्या उघड करतो. हीच सही. पडताळणारा त्यांचे हॅश जाहीर हॅशांशी ताडून बघतो.

पण हा संच एका सहीपुरताच. पुन्हा वापरला, तर उरलेल्यांपैकी अनेक संख्याही उघड्या पडतात आणि नकली सही जुळवता येते. राल्फ मर्कल यांनी १९७९मध्ये तोड काढली: अनेक संचांचे हॅश दोन-दोन जोडत वर न्यायचे आणि शेवटी उरलेला एकच जाहीर करायचा. तरी कोणता संच वापरून झाला याची नोंद ठेवावीच लागे. तोवर आरएसए ही सहीची वेगळी पद्धत आली होती. तिची सही आटोपशीर, किल्ली पुन्हा पुन्हा चालणारी. जगाने तिला आपलंसं केलं.

१९९४मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक प्रचंड संख्यांचे अवयव पाडू शकेल. आरएसए त्याच अवघडपणावर उभी आहे. हॅशला हा घाव लागत नाही. लव ग्रोव्हर यांच्या १९९६च्या क्वांटम पद्धतीनेही २५६ बिटांचा हॅश उलटवायला दोनाच्या १२८व्या घाताइतके प्रयत्न लागतात.

२०१५मध्ये आलेल्या ‘स्फिंक्स’ या हॅशवरच्याच सहीच्या पद्धतीने नोंद ठेवण्याची गरज संपवली: संच इतके अफाट, की यदृच्छेने निवडले तरी धोका नगण्य. तिची सुधारित आवृत्ती १३ ऑगस्ट २०२४ला अमेरिकेच्या निस्ट संस्थेचं प्रमाणक ठरली. सही किमान ७,८५६ बाइटची. प्रचलित एलिप्टिक कर्व्ह सही ६४ बाइटची.

हा भार सोसण्याजोगा आहे. महाराष्ट्रात सातबाराही आता डिजिटल सहीचा मिळतो, आणि जमिनीच्या नोंदी पिढ्यान्‌पिढ्या तपासल्या जातात. अशा दस्तऐवजाला हॅशवरची सहीच शोभेल: एखादा हॅश उद्या कमकुवत ठरला, तरी त्याच्या जागी नवा बसवून तीच रचना पुढे चालवता येते.