अंगठ्याचा ठसा

रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा टेकताना हा ठसा कोठे जातो, असे नाचणगावात काय किंवा मुंबईत काय, सहसा कोणी विचारीत नाही. धान्य मिळाले की माणूस घरची वाट धरतो. ज्यांनी तो प्रश्न विचारला, त्यांची हकीकत आम्ही आज सांगणार आहोत.

तिचा आरंभ महाराष्ट्रातलाच आहे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावी पहिले आधार क्रमांक दिले गेले. संसदेचा कायदा मात्र २०१६ साली झाला! त्याआधीच, २०१२ साली, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी सर्वोच्च न्यायालयात गेले. वय ८६. मागोमाग अरुणा रॉय आल्या, पुण्याचा नागरिक चेतना मंच आला.

२०१५ साली सरकारने युक्तिवाद केला की, खाजगी जीवनाचा हक्क मूलभूत नाहीच. त्यास आधार होता खरक सिंग खटल्याचा. हा उत्तर प्रदेशातील गृहस्थ दरोड्याच्या आरोपातून पुराव्याअभावी सुटला होता. तरी पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावीत. १९६२ साली न्यायालयाने त्या रात्रीच्या फेऱ्या बंद केल्या, परंतु खाजगी जीवनाचा हक्क बहुमताने नाकारला. न्या. सुब्बाराव मात्र वेगळे बोलले.

कोणी म्हणेल, आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला गांधीजी उघड्यावर जगले, त्यांनी काय लपविले? खरे आहे, पण ते त्यांनी स्वखुशीने केले. कोणी तशी सक्ती केली नव्हती.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मूलभूत ठरविला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात आणीबाणीतील १९७६ चा निर्णयही चुकीचा ठरविला. त्या निर्णयाच्या बहुमतात त्यांचे वडील न्या. यशवंतराव चंद्रचूड होते.

२०१८ साली मात्र आधार बहुमताने टिकले. खाजगी कंपन्यांना तो क्रमांक वापरू देणारी तरतूद गेली. रेशनवरचा अंगठा राहिला. राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचे काय, हा अर्जदारांचा सवाल होता. ठसा जुळला नाही म्हणून कोणाही पात्र माणसास लाभ नाकारणार नाही, अशी हमी सरकारच्या वकिलांनी दिली आणि न्यायालयाने ती निकालात नोंदविली. यंत्राने नकार दिला म्हणून आपल्यापैकी कोणास रिकाम्या पिशवीनिशी परतावे लागले, तर त्याने दुकानदारापुढे ही हमी अवश्य ठेवावी.