मुदत किती, की मुदत कोणाच्या हातात?

जुलै २०२४ मध्ये जो बायडेन यांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या न्यायाधीशांना १८ वर्षांची मुदत घालावी असा प्रस्ताव मांडला. तिथे निवृत्तीचं वयच नाही, एकदा खुर्ची मिळाली की तहहयात. त्या मानाने आपल्याकडे सगळं कसं सरळ! हायकोर्टाचा न्यायाधीश ६२ व्या वर्षी घरी, सुप्रीम कोर्टाचा ६५ व्या. म्हणजे आपल्याकडे मुदतीचा वाद नाहीच?

आहे की. फक्त तो कारकिर्दीच्या शेवटाला नाही, सुरुवातीला आहे.

हायकोर्टात येणारे बहुतेकजण आधी 'अतिरिक्त न्यायाधीश' असतात. मुदत जास्तीत जास्त दोन वर्षं. ती संपताना कायम करायचं, आणखी मुदत द्यायची की घरी पाठवायचं, हे वरून ठरतं. इंग्रजांच्या काळात अशा तात्पुरत्या नेमणुका होत्या, १९५० च्या राज्यघटनेत त्या ठेवल्या नव्हत्या. पण खटले तुंबले आणि १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम २२४ मधून अतिरिक्त न्यायाधीश परत आले. हेतू साधा होता : काम वाढलंय, तेवढ्यापुरती माणसं घ्या. पण काम कधी कमी झालंच नाही, आणि तात्पुरती सोय हीच नेहमीची पद्धत झाली. (आमच्या धंद्यात याला तात्पुरता पॅच म्हणतात. तो दहा वर्षं चालतो!)

यात बिघडतं काय, हे आणीबाणीने दाखवून दिलं. १९७५ मध्ये पत्रकार कुलदीप नय्यर यांना अटक झाली. दिल्ली हायकोर्टात न्या. रंगराजन आणि न्या. आर. एन. अगरवाल यांच्यापुढे सुनावणी झाली आणि दोघांनी अटक बेकायदा ठरवली. निकाल एकच, सही दोघांची. पुढे काय झालं बघा. रंगराजन कायम न्यायाधीश होते, त्यांची बदली गुवाहाटीला झाली. अगरवाल अतिरिक्त होते, त्यांना मुदतवाढच मिळाली नाही आणि ते पुन्हा सत्र न्यायाधीश झाले. कायम माणसाला सरकार फार तर लांब पाठवू शकलं, तात्पुरत्याला थेट खाली उतरवलं.

मुंबईतही तेच. न्या. यू. आर. लळित इथे अतिरिक्त न्यायाधीश होते. आणीबाणीत त्यांनी राजद्रोहाच्या खटल्यात काही तरुणांना जामीन दिला. १९७६ मध्ये मुदत संपली आणि त्यांना कायम केलं गेलं नाही. काढून टाकलं नाही, चौकशी नाही, महाभियोग नाही. नुसती मुदत संपू दिली! (त्यांचे चिरंजीव उदय लळित २०२२ मध्ये सरन्यायाधीश झाले.)

१९८१ मध्ये हा प्रश्न सुप्रीम कोर्टात गेला. दिल्लीच्या न्या. व्होरा यांना मुदतवाढ नाकारली, न्या. एस. एन. कुमार यांना फक्त तीन महिने मिळाले. दाद मागणाऱ्यांत आपले व्ही. एम. तारकुंडे होते, जे स्वतः मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायाधीश. ३० डिसेंबर १९८१ ला सात न्यायाधीशांनी निकाल दिला (एस. पी. गुप्ता खटला) आणि कुमार यांना परत खुर्ची मिळाली नाही. पुढे सुप्रीम कोर्टाने म्हटलं की अतिरिक्त न्यायाधीश प्रोबेशनवर नसतो. कागदावर नसेल. पण दोन वर्षांनी आपली फाईल कोणाच्या टेबलावर जाणार हे ज्याला माहीत आहे, त्याला प्रोबेशन वेगळं शिकवावं लागत नाही.

आता अवघड उदाहरण. जानेवारी २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गणेडीवाला यांनी पॉक्सो कायद्याखाली दिलेल्या निकालावर देशभर संताप उसळला. त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली गेली, फक्त एक वर्ष वाढवून मिळालं. मुदत संपताना, फेब्रुवारी २०२२ मध्ये, त्यांनी राजीनामा दिला. पुष्कळांना बरं वाटलं, कारण निकाल चुकीचाच होता. पण तो नोव्हेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला होता. चुकीच्या निकालावरचा इलाज हाच, अपील. नावडत्या निकालासाठी जे हत्यार आज चाललं, तेच १९७६ ला जामिनासाठी चाललं होतं. आणीबाणीत ते सरकारच्या हातात होतं आणि आता न्यायाधीशांच्या कॉलेजियमचा शब्द जड आहे, एवढाच फरक.

म्हणून मला वाटतं, वर्षं मोजण्यात वाद घालू नये. जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयात मुदत १२ वर्षं आहे, आणि १९७० पासून पुन्हा निवड नाही. मुदत आहे, पण ती वाढवून मागायला कोणाच्या दारात जावं लागत नाही. आपल्याकडे दोन वर्षांची मुदत आहे आणि दार उघडं आहे. ज्या न्यायाधीशापुढे उद्या तुमचा-माझा जामीन अर्ज येईल, तो कदाचित त्या दाराकडे बघत बसलेला असेल.

बघा पटतंय का.