पुण्यांतील कांहीं सार्वजनिक सोयी व त्यांचे कागद

जुनें दप्तर हातीं आलें म्हणजे आपण संग्राहक प्रथम काय शोधतों, हें प्रत्येकानें आपल्या मनास विचारून पाहावें. शिक्का आहे काय, सनद आहे काय, तहाचा किंवा मोहिमेचा मजकूर आहे काय, हें पाहून तसा कागद वर काढावयाचा. आणि खालीं राहिलेला जमाखर्च, वर्गणीच्या याद्या, पावत्या व छापील जाहिराती हा केर समजून बाजूस सारावयाचा, असा बहुतेकांचा परिपाठ आहे. आमचाही पुष्कळ दिवस तोच होता. परंतु शहरांत राहणाऱ्या सामान्य मनुष्यास पाणी कोठून मिळे, पुस्तक कोठें वाचावयास सांपडे, दुष्काळांत त्याच्या मुलांस कोण जेवूं घाली, आणि सरकारांत त्याचें गाऱ्हाणें कोणाच्या मुखानें जाई, हे प्रश्न मनांत धरून शोधूं लागलें असतां वरच्या कागदांपेक्षां त्या केराचीच गरज अधिक पडते, असा आम्हांस अनुभव आला. प्रस्तुत निबंधांत पुण्यापुरता हा विषय घेऊन दोन गोष्टी दाखविण्याचा विचार आहे. पहिली ही कीं, शहराच्या सोयी करण्याचा भार शंभर-सव्वाशें वर्षांत धन्याकडून रयतेकडे कसा आला. आणि दुसरी ही कीं, या स्थित्यंतराचा खरा पुरावा ज्या कागदांत आहे तेच कागद आपण आपल्या हातानें नाहींसे करीत आहों.

पाण्यापासून आरंभ करूं. बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकीर्दींत, १७५० च्या सुमारास, कात्रज येथें तलाव बांधून तेथील पाणी बांधीव भुयारी नळानें पुण्यांत आणिलें. सुमारें पांच-सहा मैल लांबीचा हा नळ मनुष्यास आंत उतरून चालतां येईल एवढा मोठा असून, वारा खेळावा व गाळ काढतां यावा म्हणून त्यावर जागोजाग उच्छ्वास ठेविले आहेत. नळाचा रोख शनिवारवाड्याकडे. वाटेंत त्याचें पाणी निरनिराळ्या पेठांतील हौदांस दिलें होतें. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद हीं नांवें पुणेंकरांच्या तोंडीं अद्याप आहेत. कित्येक ठिकाणीं हौद गेला आणि नांव तेवढें राहिलें. पुढें नाना फडणीस यांनीं सदाशिव पेठेंतील हौदाकरितां निराळा नळ आणिला, आणि सरदार रास्ते यांनींही कोंढव्याच्या बाजूनें आपला नळ घातला. मुठेवर खडकवासल्यास धरण बांधून कालव्याचें पाणी शहरास मिळूं लागलें, ती गोष्ट १८७० नंतरच्या दशकांतील. तोंपर्यंत, म्हणजे राज्य बुडून अर्धशतक लोटलें तरी, शहराची तहान मुख्यत्वें या नळांनीं व घरोघरच्या आडांनींच भागविली.

या कामाबद्दल पेशव्यांस द्यावें तेवढें श्रेय थोडें आहे. तथापि त्यास आजच्या अर्थानें सार्वजनिक म्हणतां येईल काय, हा प्रश्न इतिहासकारानें टाळूं नये. नळाचा शेवट वाड्यांत, हौदाचें पाणी धन्याच्या कृपेचें, आणि त्या हौदांवर अस्पृश्य मानिलेल्या जातींस पाय ठेवण्याची सोय नाहीं. शहराच्या पोटांतून वाहणारें पाणी शहरांतल्या सर्वांचें नव्हतें. सोय कोणी केली एवढेंच विचारून भागत नाहीं. ती कोणास मोकळी होती व कोणास बंद होती हें विचारलें म्हणजेच तिचा इतिहास पुरा होतो.

हीच कसोटी दक्षिणेस लावावी. दाभाडे यांनीं चालविलेला श्रावणमासच्या दक्षिणेचा प्रघात त्रिंबकराव दाभाडे १७३१ त डभईच्या लढाईंत पडल्यावर पेशव्यांनीं आपणाकडे घेतला, आणि पर्वतीच्या पायथ्याशीं रमण्यांत ब्राह्मणांस दक्षिणा वांटण्याचा समारंभ दरसाल होऊं लागला. विद्येस आश्रय हा त्याचा हेतु. पण त्याचा लाभ एका वर्णापुरता. इंग्रजी अंमल आल्यावर ही रक्कम पन्नास हजार रुपयांवर आणिली गेली, आणि १८२१ च्या आक्टोबरांत विश्रामबागवाड्यांत संस्कृत पाठशाळा सुरू झाली. दक्षिणेचा कांहीं भाग मराठी ग्रंथरचनेस द्यावा अशी मागणी पुढें गोपाळ हरि देशमुख उर्फ लोकहितवादी प्रभृति मंडळींनीं केली. त्यावरून शहरांत मोठा वाद माजला, आणि शेवटीं १८५१ त दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन होऊन मराठी ग्रंथांस बक्षिसें मिळूं लागलीं. रमण्यांतील दानाचा ओघ अशा रीतीनें मराठी वाचकाकडे वळला. येथें लक्षांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, हा बदल केवळ सरकारच्या मर्जीनें झाला नाहीं. शहरांतील लोकांनीं अर्ज केला, दुसऱ्यांनीं त्यास विरोध केला, आणि त्या भांडणांतून नवी व्यवस्था निघाली. धन्याच्या दानाविषयीं रयतेनें वाद घालावा ही गोष्टच नवी होती.

१८४८ हें साल या दृष्टीनें विशेष स्मरणीय आहे. त्या वर्षीं पुण्यांत नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तिच्या स्थापनेंत लोकहितवादी यांचा प्रमुख हात होता, आणि तीच संस्था पुढें पुणें नगर वाचन मंदिर या नांवानें प्रसिद्धीस आली. त्याच वर्षीं जोतीराव फुले यांनीं बुधवार पेठेंत भिडे यांच्या वाड्यांत मुलींची शाळा काढिली. दोनही कामें लहान. परंतु दोहोंच्या मुळाशीं एकच कल्पना आहे कीं, ज्ञान ही वांटून घेण्याची वस्तु आहे. फरक इतकाच कीं, ग्रंथालयाचें दार ज्यास वाचतां येतें त्याच्याकरितां उघडलें, आणि शाळेनें ज्यांस वाचूं दिलें जात नव्हतें त्यांस हातीं धरिलें. एकाशिवाय दुसरें अपुरें होतें.

पाण्याच्या बाबतींत जें अपुरें राहिलें होतें त्याची भरपाई वीस वर्षांनीं एका खाजगी घरानें केली. १८६८ त जोतीरावांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानिलेल्या लोकांस मोकळा केला. कात्रजच्या नळापुढें हा हौद तो केवढा! पण शहरांतील एका मोठ्या समूहाच्या दृष्टीनें पाहिलें तर नळाचें काम शंभर वर्षांनीं जेथें पोंचलें नव्हतें तेथें हा लहान हौद पोंचला. पुढें १८७६ पासून १८८२ पर्यंत जोतीराव पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. घरच्या हौदावर ज्यानें हा प्रश्न सोडविला तोच मनुष्य नगराच्या कारभारांत जाऊन बसला, ही संगति ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

यानंतर ता. २ एप्रिल १८७० रोजीं पुणें सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा उगम एका स्थानिक तक्रारींत आहे. पर्वती संस्थानच्या व्यवस्थेविषयीं लोकांत असंतोष होता; तो सरकारपुढें मांडावयाचा तर मांडणारे कोणाच्या वतीनें बोलतात, हा प्रश्न उभा राहिला. त्याचें उत्तर गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक पुढें सार्वजनिक काका म्हणूं लागले, यांनीं मोठ्या युक्तीनें काढिलें. सभासद होऊं इच्छिणारानें निदान पन्नास माणसांच्या सह्यांचें मुख्त्यारपत्र आणावें असा नियम ठरला, आणि सुमारें सहा हजार लोकांच्या वतीनें पंचाण्णव सभासदांची सभा भरली. औंधचे श्रीमंत पंतप्रतिनिधि तिचे पहिले अध्यक्ष झाले. आमच्या मतें मराठी सार्वजनिक जीवनाच्या इतिहासांत या मुख्त्यारपत्रांएवढा महत्त्वाचा कागद दुसरा क्वचित्च सांपडेल. सनद धन्यानें चाकरास द्यावयाची. येथें सामान्य माणसांनीं आपल्या बोलण्याचा अधिकार सही करून दुसऱ्यास दिला. कागदाची दिशाच उलटली.

सभेच्या हातून पुढें जीं कामें झालीं त्यांत लवाद कोर्टाचें काम आहे. गांवचे तंटे गांवांतच सामोपचारानें मिटावे, पक्षकारांचा पैसा व वेळ वांचावा, हा त्याचा उद्देश होता. १८७६-७७ च्या दुष्काळांत सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मिळवून ती सरकारास कळविली. महादेव गोविंद रानडे १८७१ त पुण्यास आल्यापासून या उद्योगास विद्वत्तेची जोड मिळाली होती, आणि १८७८ पासून सभेचें त्रैमासिकही निघूं लागलें. याच दुष्काळांत सत्यशोधक समाजाच्या मंडळींनीं धनकवडी येथें अन्नान्न झालेल्या मुलांकरितां बालाश्रम चालविला. कात्रजहून पुण्यास येणाऱ्या वाटेवर धनकवडी लागते. ज्या बाजूनें एके काळीं वाड्याकडे पाणी आलें त्याच बाजूस लोकांनीं वर्गणी करून भुकेल्या मुलांस भाकरी घातली.

लोकांनीं एकत्र जमून ऐकावें व विचार करावा, याचीही सोय याच काळांत झाली. १८७५ त रानडे यांच्या पुढाकारानें वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि ती पुढें शंभराहून अधिक वर्षें चालली. कथाकीर्तनास जमणारा समाज येथें इतिहास, अर्थशास्त्र व राज्यकारभार यांविषयीं ऐकण्यास जमूं लागला. तसेंच १९०९ त रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं पुण्यास सेवासदन निघून स्त्रियांस शिक्षण व शुश्रूषेचें काम शिकण्याची वाट झाली.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, हा सारा अर्वाचीन विषय. छापील अहवाल उपलब्ध असतां हस्तलिखितांच्या संग्राहकानें त्यांत कां पडावें? याचें उत्तर रानडे यांनींच १९०० सालीं पेशव्यांच्या रोजनिश्यांविषयीं लिहितांना देऊन ठेविलें आहे. बखरी राजकारण सांगतात, परंतु लोकांचें खरें जिणें रोजच्या नोंदींत उतरतें, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय. जो न्याय त्यांनीं पेशवाईच्या रोजनिश्यांस लाविला तोच आपण सभांच्या, वाचनालयांच्या व आश्रमांच्या वह्यांस कां लावूं नये? छापील अहवाल हा संस्थेची बखर होय. त्यांत अध्यक्षांचें भाषण मिळेल. पण चार आणे वर्गणी देणारा तांबट कोण, पुस्तक नेऊन परत न आणणारा विद्यार्थी कोण, मुख्त्यारपत्रावर सहीऐवजीं नांगराची निशाणी करणारा कुणबी होता कीं नाहीं, हें वहीच सांगेल. सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. तेवढ्या मोलाचें काम या नव्या दप्तराविषयीं होण्यास प्रथम तें दप्तर शिल्लक राहिलें पाहिजे.

तें शिल्लक राहील असा भरंवसा आज धरवत नाहीं. १८७९ च्या मे महिन्यांत बुधवारवाडा आगींत जळाला व विश्रामबागवाड्यासही झळ लागली. ता. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकाठच्या पेठांतील घरोघर पाणी शिरलें. आग आणि पाणी यांच्यापुढें मनुष्याचा उपाय थोडा. पण जुना वाडा पाडतांना माळ्यावरचीं गांठोडीं रद्दींत जातात तेथें दोष दैवाचा नव्हे, आपला आहे.

म्हणून संग्राहक मित्रांस आमच्या चार सूचना आहेत. पहिली, दप्तर उचलतांना रुमाल सोडून निवड करूं नये. ज्या क्रमानें कागद बांधले असतील त्याच क्रमानें ठेवावे, कारण शेजारचा कागदच पुष्कळदां निनांवी कागदाचा खुलासा करितो. दुसरी, मोडी कागद एकीकडे व छापील चिटोरीं दुसरीकडे अशी वांटणी करूं नये. १८५० नंतरच्या घरांत दोनही एकाच हातांतून गेलेलीं असतात. तिसरी, जाहिरातीवर किंवा बोलावण्याच्या चिठीवर साल नसून तिथि व वार एवढेंच असेल तर ती निरुपयोगी समजूं नये. तिथि व वार यांचा मेळ जंत्रीवरून पाहिला असतां संभाव्य सालें थोडींच उरतात, आणि कागद, छपाई व व्याख्यात्याचें नांव यांवरून त्यांतील एक बहुधा निश्चित करितां येतें. चौथी, दप्तर कोणत्या पेठेंतून व कोणत्या प्रकारच्या घरांतून आलें हें त्याच दिवशीं लिहून ठेवावें. ब्राह्मण सरदारांच्या वाड्यांतून आलेल्या कागदांनीं आपले संग्रह भरले आहेत. माळी, तांबट, साळी, महार, मांग यांच्या वस्तींत कागद नसतील असें आपण न विचारतांच गृहीत धरिलें. ज्या समाजानें शाळा काढिली, आश्रम चालविला, सभा भरविल्या, त्याच्या घरीं वही नव्हती असें कसें होईल?

कात्रजचा नळ जमिनीखालीं गेला, म्हणून तो नव्हता असें कोणी म्हणत नाहीं. उच्छ्वास दिसले म्हणजे खालून वाट गेली आहे हें जाणत्यास कळतें. लोकांनीं लोकांकरितां केलेल्या कामाचा प्रवाहही असाच दृष्टीआड वाहत आला आहे, आणि वर्गणीची यादी, देवघेवीची वही, सह्यांचें मुख्त्यारपत्र हे त्याचे उच्छ्वास होत. ते बुजूं न देणें हें संशोधकाचें काम आहे. पुढील रुमाल सोडण्याचा प्रसंग ज्या वाचकास येईल त्यानें खालचा कागद वर काढून एकदां वाचावा, एवढीच आमची विनंति आहे.